बाटली अ, बाटली ब

दूध पचत नाही हे मला कळायला लागल्यापासून माहीत होतं. ते कागदावर आलं मात्र चाळिशी उलटल्यावर. त्या दिवशी सकाळी मी तीन तास एका खुर्चीवर बसून दर अर्ध्या तासाने नळीत फुंकत होतो.

चाचणी सोपी आहे, आदला दिवस मात्र जिवावर येतो. डाळी, कांदा, फळं, कोंड्याचं काहीही बंद. मग १२ तास उपाशी. विडी-सिगारेट नको, पळापळ नको, गेल्या चार आठवड्यांत अँटिबायोटिक घेतलेलं नको. सकाळी पहिली फुंकर मारायची, मग पाण्यात विरघळवलेलं २५ ग्रॅम लॅक्टोज प्यायचं, म्हणजे साधारण अर्धा लिटर दुधात असते तेवढी साखर. चव फिक्या सरबतासारखी. नंतर नुसतं बसायचं आणि फुंकायचं.

श्वासात मोजतात तो हायड्रोजन. आपल्या पेशी हायड्रोजन तयार करतच नाहीत, ते काम मोठ्या आतड्यातल्या जंतूंचं. लॅक्टोज ही दोन साखरांची जोडी, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज. ती जोडी फोडणारं लॅक्टेज नावाचं एन्झाइम लहान आतड्याच्या अस्तरावर असतं. ते पुरेसं नसेल तर साखर तशीच खाली सरकते, सोबत पाणी ओढून घेते, आणि मोठ्या आतड्यात जंतू तिच्यावर तुटून पडतात. त्यातून वायू होतात, थोडा हायड्रोजन रक्तात मिसळून फुप्फुसांतून बाहेर पडतो. श्वासाच्या दहा लाख भागांत हायड्रोजनचे किती भाग, असा हा आकडा असतो. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा २० ने वाढ झाली की निदान पक्कं. माझा आकडा सुरुवातीला ४ होता. दीड तासाने ३१, दोन तासांनी ५८. तोवर माझं पोट इतकं गुडगुडत होतं की शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी पुस्तकातून मान वर करून पाहिलं. यंत्राची तशी गरज नव्हती.

डॉक्टरांनी सांगितलं ते साधंच होतं. हा आजार नाही, जगातल्या बहुतेक मोठ्या माणसांचं लॅक्टेज लहानपणानंतर कमीच होतं. दूध थोडं घ्या, जेवणासोबत घ्या, दही चालेल, मुरवलेलं कडक चीज चालेल. मी मान डोलावली. पण मला दूधच हवं होतं, ग्लासभर, थंडगार, गटागट. ज्याला दूध आवडतं आणि पचत नाही त्याची तगमग दूध न आवडणाऱ्याला कळणार नाही.

अशा मनःस्थितीत कचेरीतला एक मित्र म्हणाला, ‘‘अरे, तुला दूध पचत नाही असं नाही, तुला तापवलेलं दूध पचत नाही. कच्च्या दुधात लॅक्टेज असतं. पाश्चराइज करताना ते मरतं.’’

किती सुटसुटीत! दोष माझ्या आतड्यात नाही, कारखान्यात आहे. असं कोणी सांगितलं की ते खरं असावंसं वाटतं, आणि वाटण्याच्या जोरावर माणूस बरंच काही गिळतो. मी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. मी पोळलेला असून थेट दुधाकडेच परत निघालो होतो.

ओळखीच्या एका गोठ्यातून दूध आणायला लागलो. पहिल्या दिवशी धारोष्ण दूध हातात आलं तेव्हा भांडं कोमट होतं, आणि वर फेस. वास गोड आणि थोडा जनावराचा. मी पाव कपच घेतला, भीतभीत, नाश्त्यानंतर. दोन तास घड्याळ बघत बसलो. काही नाही. दुसऱ्या दिवशी अर्धा कप. थोडी गुडगुड, पण कळ नाही. आठवड्याच्या शेवटी पाऊण कप, आणि पोट शांत. त्या रविवारी मी निदान चौघांना फोन करून सांगितलं असेल.

पाचवा फोन ताईला.

माझी मोठी बहीण शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. निवृत्त झाली आहे, पण सवय गेलेली नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘अरे, याआधी तू दूध कसं प्यायचास?’’

‘‘म्हणजे? ग्लासनं.’’

‘‘किती? कधी?’’

ग्लासभर. सकाळी. रिकाम्या पोटी.

‘‘आणि आता पाव कपापासून सुरुवात, तेही खाल्ल्यावर. मग फरक दुधाचा कशावरून?’’

मी म्हटलं, पण कच्च्या दुधात लॅक्टेज असतं. ती म्हणाली, ‘‘असतं, तर दूध गोड लागलं असतं. लॅक्टोज स्वतः फारसं गोड नाही. फुटून ग्लुकोज-गॅलॅक्टोज झालं की गोडी वाढते. बाजारात लॅक्टोज-फ्री दूध मिळतं, त्यात तेच एन्झाइम घालतात. पिऊन बघ, साखर घातल्यासारखं लागतं. तुझं कच्चं दूध तसं लागतं का?’’

तसं लागत नव्हतं. मग मी दुसरा मुद्दा काढला, जो मित्राने मला दिलेलाच नव्हता, मीच कुठूनतरी गोळा केला होता. कच्च्या दुधात चांगले जंतू असतात, ते साखर फोडतात. ताई हसली. म्हणाली, ‘‘फोडतात की. त्यालाच आपण दूध नासलं किंवा दही लागलं म्हणतो. ताजं, थंड ठेवलेलं, स्वच्छ दूध असेल तर त्यात ते जंतू मोजके, आणि थंडीत ते कामही करत नाहीत. आणि भरपूर असतील तर तुझ्या गोठ्याची स्वच्छता काय आहे ते आधी बघ.’’

यावर मला उत्तर सुचलं नाही. पण माझं पोट शांत होतं, आणि पोटापुढे रसायनशास्त्र काय करणार? मी हट्टाने म्हणालो, ‘‘मला फरक पडतोय, एवढं मला कळतं.’’

‘‘मग मोजू या,’’ ताई म्हणाली.

तिने काढलेली युक्ती मला आजही आवडते. दोन वेगवेगळी दुधं घ्यायची नाहीत. गाय वेगळी, साय वेगळी, चारा वेगळा असला की बोलायला जागा राहते. एकाच चरवीतलं दूध घ्यायचं, अर्धं तसंच ठेवायचं आणि अर्धं घरी पाश्चराइज करायचं. फरक उरतो तो फक्त उष्णतेचा.

पाश्चराइज करणं म्हणजे उकळणं नव्हे, हे मला तेव्हा कळलं. ६३ अंश सेल्सिअस, ३० मिनिटं. कारखान्यात ७२ अंशांवर १५ सेकंदांत काम उरकतात, पण ते घरच्या पातेल्यात साधत नाही. ताईने मोठ्या पातेल्यात पाणी ठेवलं, त्यात दुधाचं भांडं, आणि दुधात स्वयंपाकघरातला लांब दांड्याचा थर्मामीटर, चमच्याला दोऱ्याने बांधून अधांतरी सोडलेला, म्हणजे तळाला टेकून खोटा आकडा दाखवायला नको. सांगायला सोपं आहे. काटा ६१ वर रेंगाळतो, गॅस जरा वाढवावा तर ६६. अर्धा तास ती उभी राहून ढवळत होती, साय धरू देत नव्हती. मी मध्ये काहीतरी बोललो तर म्हणाली, ‘‘गप्प बस, ६२ झालंय.’’ वेळ संपल्यावर भांडं थेट बर्फाच्या पाण्यात. मग दोन सारख्या बाटल्या, एकीवर अ, एकीवर ब. कुठलं काय, ते तिच्या वहीत.

दहा दिवस ठरले. रोज सकाळी ताई नाणं उडवायची आणि त्याप्रमाणे एका बाटलीतलं २५० मिलिलिटर दूध झाकणाच्या पेल्यात ओतून मला द्यायची. कुठल्याही दुधाचे पाच दिवस भरले की उरलेले दिवस दुसऱ्याचे. मी नळीने प्यायचं, थंडगार, रिकाम्या पोटी. एवढ्या दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज येतं. पिऊन होताच अंदाज लिहायचा, कच्चं की तापवलेलं. रात्री त्रासाला शून्य ते दहा गुण द्यायचे. दूध दर दोन दिवसांनी नवं. अ-ब ची अक्षरंही ती मध्येच बदलत होती, हे मला नंतर कळलं. फसवणूकच म्हणायची, पण मी दुसऱ्याच दिवशी ‘अ म्हणजे कच्चं’ असं मनाशी धरून बसलो होतो, तेव्हा तिचं काही चुकलं नाही.

पहिल्याच दिवशी पाऊण तासात पोट तट्ट फुगलं. पँटचं बटण सैल करून बैठकीत बसलो होतो. नाश्त्यानंतरचा पाव कप आणि उपाशीपोटी ग्लासभर यांत केवढा फरक आहे, ते पोटाने लगेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी जरा बरं. चौथ्या दिवशी बैठक अर्धवट सोडून जावं लागलं. त्याचं वर्णन नको.

अकराव्या दिवशी ताईने वही उघडली. कच्च्या दुधाचे पाच दिवस: ५, ३, ६, ४, ५. बेरीज २३. तापवलेल्याचे पाच: ४, ६, ३, ५, ४. बेरीज २२.

मी बराच वेळ ते दोन आकडे बघत राहिलो. एका माणसाचं पोट आणि दहा दिवस, याला शास्त्र म्हणत नाहीत हे मलाही कळतं. पण मी चार जणांना फोन करून सांगितलेला फरक इथे असायला हवा होता, आणि तो नव्हता.

त्याहून मजेशीर गोष्ट ताईने नंतर दाखवली. माझे अंदाज. दहापैकी चार बरोबर आले होते, म्हणजे नाणं उडवण्याहून वाईट. पण ज्या पाच दिवशी मी ‘कच्चं’ लिहिलं, त्या दिवसांच्या त्रासाची बेरीज १८. ज्या पाच दिवशी ‘तापवलेलं’ लिहिलं, त्यांची २७. आणि अंदाज तर मी दुखायला लागण्याच्या आधी लिहीत होतो! पेल्यात काय आहे यापेक्षा मला काय वाटतंय याचा माझ्या आतड्यावर जास्त परिणाम होत होता. लाज वाटली म्हणू, की गंमत वाटली, दोन्ही थोडं थोडं.

मग मी वाचायला घेतलं. आधी वाचायला हवं होतं, हे कबूल. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमका हाच प्रश्न घेतला होता. २०१४ साली तो अभ्यास छापून आला. दूध न पचणारी १६ माणसं, प्रत्येकाला कच्चं, पाश्चराइज्ड आणि सोया दूध आठ-आठ दिवस आळीपाळीने दिलं, आणि माझ्यासारखाच श्वासातला हायड्रोजन मोजला. कच्च्या दुधाने ना हायड्रोजन कमी झाला, ना त्रास. उलट पहिल्या दिवशी कच्च्या दुधावरचा हायड्रोजन पाश्चराइज्डपेक्षा जास्त होता, आठव्या दिवसापर्यंत तो फरक राहिला नाही. म्हणजे ताईच्या पातेल्यातून जे निघालं तेच तिथून निघालं होतं. फक्त त्यांच्याकडे यंत्रं होती आणि आमच्याकडे दोऱ्याला टांगलेला थर्मामीटर.

माझ्या अंदाजांची गोष्टही काही जगावेगळी नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत ३० जणांवर एक अभ्यास झाला. हे सगळे स्वतःला दुधाचा भयंकर त्रास होतो असं सांगणारे. त्यांना रोज एक कप दूध नाश्त्यासोबत दिलं, एक आठवडा साधं आणि एक आठवडा लॅक्टोज फोडलेलं, कुठलं ते न सांगता. दोन्ही आठवड्यांत त्रास जेमतेम, आणि फरक जवळपास नाहीच. याचा अर्थ आमचं दुखणं खोटं असा नाही, माझे ५८ काही मनाचे खेळ नव्हते. पण नाश्त्यासोबतचा एक कप बहुतेकांना झेपतो, आणि तो कच्चा असायची गरज नसते. माझ्या त्या सुखाच्या पहिल्या आठवड्यात हेच झालं होतं. शिवाय थोडंथोडं दूध रोज घेत गेलं की मोठ्या आतड्यातले जंतूही त्याला सरावतात, वायू कमी होतो. लॅक्टेज मात्र वाढत नाही. हे पाश्चराइज्ड दुधानेही झालं असतं. मी श्रेय कच्चेपणाला देऊन मोकळा झालो होतो.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण फ्रीजमध्ये बाटलीभर कच्चं दूध उरलं होतं, आणि ते टाकवेना. दोन दिवसांत संपवलं.

नंतर तीन-चार दिवसांनी पोट दुखायला लागलं. मी शांत होतो. दुधाचंच असणार, म्हटलं. या दुखण्याशी माझी इतक्या वर्षांची ओळख. जुलाब झाले, तरी दुधाचेच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाडं दुखायला लागली आणि अंगावर काटा आला, तेव्हा कुठे ताप मोजला. १०२. लॅक्टोजने ताप येत नाही. हे मला माहीत होतं, पण दीड दिवस आठवलं नाही. दूध न पचणाऱ्याने कच्चं दूध पिण्यातली ही खोच मला कुठेच वाचायला मिळाली नव्हती: धोक्याची घंटा रोजच वाजत असली की खरी वाजल्यावर कळत नाही.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, ‘‘बाहेरचं काही खाल्लं? कच्चं चिकन हाताळलं? न तापवलेलं दूध प्यायलात?’’

मी हो म्हणालो. त्यांनी पेन खाली ठेवलं.

शौचाची तपासणी केली, त्यात काही उगवलं नाही. मी जरा सुटल्यासारखा चेहरा केला असावा, कारण ते लगेच म्हणाले, ‘‘याचा अर्थ दूध निर्दोष सुटलं असा घेऊ नका, पुरावा मिळाला नाही एवढंच.’’ कॅम्पिलोबॅक्टर, साल्मोनेला, ई. कोलायच्या काही वाईट जाती, ब्रुसेला, क्षयाचा गाईकडून येणारा प्रकार, कच्च्या दुधातून येऊ शकणाऱ्या जंतूंची ही सगळी नावं त्यांनी एका दमात घेतली. गाय निरोगी दिसते म्हणून दूध स्वच्छ असं नसतं, धार काढताना शेणाचा कण पुरतो. पाश्चरायझेशन आलं ते यासाठी, चव मारायला नाही. मला मिठा-साखरेचं पाणी, विश्रांती आणि पाच दिवस. बरा झालो. पण त्यानंतर जवळजवळ महिनाभर दोन चमचे दहीसुद्धा सोसेना, जे मला आयुष्यात कधी बाधलं नव्हतं. संसर्गाने आतड्याचं अस्तर दुखावलं की त्यावर उरलंसुरलं लॅक्टेजही जातं आणि अस्तर भरून येईपर्यंत परत येत नाही. लॅक्टेज मिळवायला निघालो होतो, होतं तेही घालवून आलो.

मला खरी धडकी भरली ती वेगळ्याच आठवणीने. आमचे ते दहा दिवस चालू असताना ताईची मुलगी तिच्याकडे आली होती, सातवा महिना लागलेला. एका सकाळी ती म्हणाली, ‘‘मामा, ते धारोष्ण मलाही दे ना घोटभर.’’ मी पेला भरला होता. तिने नाकाजवळ नेला आणि वास सहन होईना म्हणून परत ठेवला. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतो आणि गरोदरपणात तो आईला नुसता ताप देऊन बाळापर्यंत पोचू शकतो, हे मी त्या तापात पडल्या पडल्या वाचलं. ताईला अजून सांगितलेलं नाही की पेला मी भरला होता. तिला वाटतं, पोरीने नुसतं विचारलं.

आता मी पाश्चराइज्ड दूध घेतो, अर्धा कप, जेवणाबरोबर. कधी ग्लासभराची हौस आलीच तर लॅक्टोज-फ्री. ते गोड लागतं, कॉफीत साखर घालायला लागत नाही, आणि तेवढ्यापुरतं मला ते आवडतही नाही. लॅक्टेजच्या गोळ्याही मिळतात, पहिल्या घोटासोबत घ्यायच्या. मी नेहमी घरी विसरतो. दही परत सुरू झालंय. त्यातलेही जंतूच, पण ते भरपूर, जिवंत आणि आपलं एन्झाइम सोबत घेऊन आतड्यापर्यंत जाणारे. कच्च्या दुधाबद्दल मला जे सांगितलं गेलं होतं ते खरं म्हणजे दह्याचं वर्णन होतं.

कचेरीत परत गेलो तेव्हा मित्राने विचारलं, काय निघालं मग? मी ताईच्या वहीच्या पानाचा फोटो दाखवला. त्याने तो मोठा करून आकडे नीट पाहिले, बेरीजही तपासली. मग फोन परत देत म्हणाला, ‘‘त्या गोठ्याचं दूधच तसं असेल. मी आणतो तिथलं एकदा पिऊन बघ.’’